यंदा हुरड्याला जायचं की घरीच शेंगोळे रांधायचे?

पावशेर_शेव
राम राम मंडळी,

आमचं आठ जणांचं टोळकं आहे, कॉलेजपासूनचं. आता सगळे चाळिशीच्या आगेमागे. चौघं पुण्यात, एक चाकणला, एक नाशकात आणि एक जोडपं अलिबागेत. एरवी वर्षभर कुणी कुणाचं तोंड बघत नाही, ग्रूपवर नुसते वाढदिवसाचे केक येतात. पण डिसेंबर लागला, निफाडचा पारा घसरल्याची बातमी आली, की कुणीतरी विचारतंच, "मग, यंदा कधी?"

हे "कधी" म्हणजे हुरडा. पहिली दोन वर्षं आमच्यातल्या एकाच्या मामाकडे गेलो, नगरच्या बाजूला. आगटीभोवती पोती टाकून बसायचं. मामा गोवऱ्यांच्या निखाऱ्यातून कणीस ओढायचे, तळहातावर चोळायचे, फुंकर मारून कोंडा उडवायचे आणि ज्याची ओंजळ पुढे असेल त्याच्या ओंजळीत तो हिरवा, वाफाळता ढीग ओतायचे. सोबत लसणाची चटणी, गूळ, दही. आपली पाळी येईपर्यंत गप्पा. पुढचं कणीस भाजेपर्यंत परत गप्पा.

मग मामांनी शेत विकलं आणि आम्ही पैसे भरून जायच्या ठिकाणी जायला लागलो. गेल्या वर्षी जिथं गेलो तिथं फाटकावर मनगटाला कागदी पट्टा बांधला. हुरडा स्टीलच्या काउंटरवर, रांगेत उभं राहून, वाटीभर आणि गार. डीजे चालू. आणि उंट. ज्वारीच्या शेतात उंट! पोरांना फेरी मारायला.

म्हणून मी म्हटलं, यंदा कुठे जायचं नाही, माझ्या घरी या, एक मोठं पातेलं हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे करू. झालं, दोन तट पडले. एक म्हणतो, थंडीत भेटायचं तर उघड्यावरच, घरात बसून काय सत्यनारायण आहे का? आणि एका मैत्रिणीनं तोंडावर सांगितलं, "घरी म्हणजे कुणाच्या तरी बायकोनं भाकऱ्या थापायच्या आणि आपण गरमगरम म्हणून वाहवा करायची. मला बोलावू नका."

तुमच्याकडे काय करता? आणि जाणकारांनी आठ माणसांच्या शेंगोळ्यांचं प्रमाण सांगा. मी आजपर्यंत फक्त खाल्लेत.

दहावा_मजला
थंडी म्हणजे तीच ना, जिच्यात पंखा तीनवरून दोनवर करतात?
(मुंबईकर)

काटकोन
उंटाचं वाचून हहपुवा (हसून हसून पुरेवाट). आम्ही गेलो होतो तिथं शहामृग होतं. तुम्ही स्वस्तात सुटलात.

आजोळ
पावशेर, आमचं आजोळ जुन्नरकडचं, त्यामुळे या विषयावर बोलायचा जन्मसिद्ध हक्क आहे. घ्या लिहून.

हुलग्याचं पीठ, सोबत भाकरी असेल तर अर्धा किलो, नुसते शेंगोळेच खाणार असाल तर पाऊण. त्यात दोन मुठी ज्वारीचं पीठ किंवा कणीक, नाहीतर तुटतात. दोन गड्डे लसूण, जिरं आणि मीठ एकत्र ठेचायचं. मिक्सरला लावू नका, त्याचं पाणी होतं. ते वाटण, तिखट, हळद, कोथिंबीर पिठात घालून घट्ट मळायचं. पोळीपेक्षा घट्ट, चकलीपेक्षा सैल.

मग तळहाताला तेल लावून पाटावर वळायचे, करंगळीहून बारीक, आणि टोकं जुळवून कडबोळ्यासारखं वेटोळं करायचं. जाड केले की आत कच्चे राहतात.

मोठ्या पातेल्यात तेल, मोहरी, जिरं, परत लसूण. लसूण तांबूस झाला की तिखट आणि लगेच पाणी, शेंगोळे बुडून वर चार बोटं राहील इतकं. खळखळून उकळी आली की एकेक शेंगोळा सुटा सोडायचा. आता नीट ऐका: सोडल्यावर डाव घालायचा नाही. पाच-सात मिनिटं हात बांधून बसायचं. आधी ढवळलंत तर सगळ्याचा एक गोळा होतो आणि मग तो सुरीनं कापून खावा लागतो. परातीला चिकटलेलं पीठ पाण्यात कालवून शेवटी ओता, त्यानं रस्सा दाटतो. एकूण वीस-पंचवीस मिनिटं. एक मोडून बघा, आत पांढुरकं दिसलं तर अजून थांबा.

वरून कच्चं तेल, कांदा, लिंबू. हे पदार्थ दिसायला मातकट असतात, फोटोबिटोच्या भानगडीत पडू नका.

साखरभात
चव येण्यासाठी चिमूटभर साखर चालेल का?

आजोळ
नाही.

रानजाई
अलिबागेत घर असलेलं जोडपं टोळक्यात आहे आणि हा माणूस हुरडा की शेंगोळे विचारतोय! अहो, पोपटी लावा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. डिसेंबर ते फेब्रुवारी आमच्या रायगडात वालाच्या शेंगा भरतात. बांधावर भांबुर्डा नावाची झुडपं उगवतात, त्याचा पाला उग्र वासाचा. मडक्याच्या तळाला तो पाला, त्यावर शेंगा, जाडं मीठ आणि ओवा, मध्ये बटाटे, कांदे, अंडी. खाणाऱ्यांसाठी मसाला लावलेली कोंबडी केळीच्या पानात बांधून. वर पुन्हा शेंगा. तोंडाशी पाला गच्च कोंबायचा आणि मडकं उपडं ठेवून भोवतीनं पेंढा, काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालायचा नाही, शेंगांच्याच ओलाव्यावर सगळं शिजतं. अर्ध्या तासानं मडक्यावर पाणी शिंपडायचं, चर्र वाजलं की झालं.

त्या अर्ध्या तासात कुणालाही काहीच काम नसतं. नुसतं जाळाकडे बघायचं. तुमच्या मैत्रिणीचा प्रश्नही सुटला.

अंमळ_उशीर
मडकं बांधावरून घरी आणून धुतं कोण? :)

रानजाई
काही ठिकाणी फोडतात. आम्ही पुढच्या वर्षाला जपून ठेवतो. आणि हो, धुते मीच. सापडलात वर्मावर बोट ठेवायला!

भरताची_वांगी
आमचं जळगाव नकाशात आहे की नाही? थंडी पडली की आमच्याकडे शेतावर भरीत पार्टी असते, तिला आमंत्रण लागत नाही, धूर दिसला की माणूस जातो. तुराट्यांच्या जाळावर ती पोपटी रंगाची, पांढऱ्या रेघांची, हातभर वांगी भाजायची, सोलायची आणि लाकडी बडजीत हिरवी मिरची, लसणासकट ठेचायची. वरून कांद्याची पात, शेंगदाणे, तेल. सोबत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची भाकरी. या वांग्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, म्हणजे आमच्या तोंडचं नाही, सरकारी कागदावरचं आहे. शहरात गॅसवर काळं केलेलं जे खातात त्याला आम्ही वांग्याची भाजी म्हणतो.

तवा_तापला
सगळ्यांच्या पाककृती वाचल्या, छान आहेत. पण त्या मैत्रिणीच्या बोलण्याकडे कुणी फारसं लक्ष दिलेलं दिसत नाही, म्हणून लिहिते.

आमच्याकडे दर थंडीत नवऱ्याचे मित्र येतात. चांगली माणसं आहेत, वहिनी वहिनी करतात, येताना पेढे आणतात. बेत ठरलेला, पिठलं, ठेचा आणि बाजरीची भाकरी. आता भाकरी हा पदार्थ असा आहे की ती तव्यावरून थेट ताटात पडली तरच तिची मजा. म्हणजे सहा जण जेवतात तेव्हा सातवं माणूस तव्याशी. भाकरी थापायची, टाकायची, पाणी फिरवायचं, उलटायची, निखाऱ्यावर नाहीतर गॅसवर फुगवायची, तोवर दुसरी थापून तयार. मध्ये पाच सेकंद हात मोकळा मिळाला तर ओट्यावरचं पीठ पुसायचं. बाहेरून हसण्याचे आवाज येतात. विनोद अर्धाच ऐकू येतो, शेवट ऐकू येत नाही. "काय झालं, काय झालं?" विचारत मी दारात जाते, तोवर तवा धुरतो.

गेल्या वर्षी मोजल्या, एकवीस भाकऱ्या. बावीसावी माझी. ती मी ओट्याशी उभ्यानं, गार पिठल्याबरोबर खाल्ली. बाहेर तेव्हा "आता चहा होऊन जाऊ दे" सुरू झालं होतं.

हॉटेलात अन्न कसंही असो, तिथं मला विनोदाचा शेवट ऐकू येतो. म्हणून मी बाहेरच्या बाजूची.

काटकोन
+१०००. आईला वाचून दाखवलं. ती काही बोलली नाही, पण मोबाईल मागून घेऊन स्वतः परत वाचला.

शिळा_पाव
ताई, सगळे तसे नसतात. आमच्या घरी भाकऱ्या मीच थापतो.

तवा_तापला
तुमच्या मिसेसचा आयडी असेल तर त्यांना इथं लिहायला सांगा. ;) दिवे घ्या, म्हणजे हलकेच घ्या.

शिळा_पाव
तिनं वाचलं. म्हणते, "थापतो खरं, पण पीठ मळून, तवा तापवून, परात पुढ्यात ठेवून द्यावी लागते." शब्द मागे घेतो.

बर्फाळ_बंड्या
मिनेसोटातून हजेरी. इथं बाहेर जेवायला जायचं म्हणजे आधी वीस मिनिटं गाडीवरचा बर्फ खरवडायचा, मग हॉटेलात अर्धा तास जॅकेट, टोपी, हातमोजे काढून ते ठेवायला खुर्ची शोधायची. त्यामुळे आम्ही घरीच भेटतो आणि प्रत्येक जण एकेक पदार्थ आणतो. तवा_तापला यांच्या तक्रारीवर तो उतारा आहे. तोटा एवढाच की गेल्या खेपेला सात घरांतून पाच छोले आले.

मधलं_बोट 
थोडं विषयांतर. बाजरीचं पीठ दळून आणलं की पंधरा दिवसांत भाकरी कडू लागते. गिरणीवाला म्हणतो, बाजरी जुनी. बाजरीवाला म्हणतो, गिरणी खराब. कुणाचं खरं?

आजोळ
दोघांचंही नाही. बाजरीत तेलाचा अंश बऱ्यापैकी असतो. दाणा अख्खा आहे तोवर तो सुरक्षित, दळला की हवा लागून पीठ खवट होतं. आठवड्यापुरतंच दळा, उरलं तर फ्रीजमध्ये ठेवा. आणि पीठ ऊन पाण्यात, एकेका भाकरीपुरतंच मळा. बाजरीत गव्हासारखा चिकटपणा नाही, जो काही येतो तो ऊन पाण्यानं आणि तळहाताच्या जोरानं.

अंमळ_उशीर
बाहेर जाण्याची खरी कटकट जेवण नाही, बिल आहे. आमच्यात दोन शाकाहारी, एक उपासवाला आणि एक जण नळ्या फोडून खाणारा. बिल आलं की हाच नळीवाला उदार होऊन म्हणतो, "चला, समान वाटून घेऊ." उपासवाल्यानं साबुदाणा वड्याचे आठशे दिले तेव्हापासून आम्ही टीटीएमएम, तू तुझं मी माझं. पण त्यातही एकाला कायम "रेंज येत नाहीये".

आणि बिल वाचत जा. पाच टक्के जीएसटी हा कर आहे, तो द्यावाच लागतो. पण "सेवा शुल्क" म्हणून परस्पर लावलेली ओळ ऐच्छिक असते. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै २०२२ मध्येच सांगितलं की हॉटेलांनी ते आपोआप बिलात घालायचं नाही, आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानंही ते उचलून धरलं. नम्रपणे "हे काढा" म्हटलं की बहुतेक जागी काढतात.

दहावा_मजला
आम्ही म्हटलं होतं एकदा. काढलं. पण मग वेटरनं बडीशेप दिली नाही.

अंमळ_उशीर
बडीशेपही ऐच्छिक असते.

कुळथाची_पिठी
आजोळ यांनी ज्याला हुलगा म्हटलंय तोच आमचा कोकणातला कुळीथ, हे घाटावरच्या लोकांना कुणी तरी एकदा सांगून टाका. त्यासाठी वेटोळी वळत बसायची गरज नाही. कांद्या-लसणाची फोडणी, पाणी, दोन आमसुलं, त्यात पातळ कालवलेलं पीठ सोडून सात-आठ मिनिटं ढवळायचं. मऊ भात, पिठी आणि भाजलेला पापड. आठ माणसांचं जेवण पाऊण तासात, एका माणसाच्या हातून. थंडीत सर्दीनं नाक बंद असेल तर पहिल्या दोन घोटांत मोकळं.

भरताची_वांगी
कुळीथ म्हणजे घोड्याचं खाद्य ना? :)

कुळथाची_पिठी
हो. म्हणूनच आम्ही डोंगर चढतो आणि तुम्ही बडजीपाशी बसता.

काटकोन
पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

बांधावरून
इतके दिवस नुसतं वाचत होतो, पण पहिल्या पोस्टीवर बोलावंसं वाटलं. मी सोलापूर जिल्ह्यातला शेतकरी. चार वर्षांपासून थंडीत हुरडा देतो. उंट नाही माझ्याकडे.

शहरातल्या माणसाला वाटतं, कणीस तोडलं, भाजलं, झालं. हुरड्याचा दाणा दुधाळ असतो तेव्हा पाणचट लागतो आणि जरा भरला की चिवट. मधले मोजके आठ-दहा दिवस असतात. म्हणून आम्ही पेरणी एकदम करत नाही, टप्प्याटप्प्यानं पाच-सहा पट्ट्यांत करतो, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून पुढे महिना-दीड महिना कुठला ना कुठला पट्टा हुरड्यात असतो. जातही वेगळी लागते. भाकरीची मालदांडी दाण्याला छान, पण हुरड्याला गूळभेंडी, सुरती, नाहीतर राहुरी विद्यापीठाच्या फुले उत्तरा, फुले मधुर. यांचा दाणा चोळला की बोंडातून अलगद सुटतो आणि गोड असतो. वर पाखरं राखायला माणूस. मग आगटीपाशी भाजणारा आणि चोळणारे दोघे. भाजलेलं कणीस गरम असतानाच चोळावं लागतं, तळहाताची कातडी जाते. आमच्या आईच्या हाताला आता चटका कळत नाही.

आता काउंटरचं सांगतो. रविवारी दीडशे माणसं येतात. सगळ्यांना आगटीपाशी बसवायचं तर दहा आगट्या आणि वीस चोळणारे पाहिजेत. तेवढी माणसं गावात राहिली नाहीत. म्हणून एकदम चोळून काउंटरला जातं आणि गार होतं. चूक आहे, मान्य. पण उंट कुणी आणला विचाराल तर गिऱ्हाइकानं. फोनवर पहिला प्रश्न हुरडा कसा आहे हा नसतोच, "मुलांसाठी काय आहे?" हा असतो. मी म्हणतो, शेत आहे. ते फोन ठेवतात.

पावशेर_शेव
बांधावरून, उंटाबद्दल जे बोललो ते तुम्हाला लागलं असेल तर माफी असावी. रविवारी दीडशेतले आठ आम्हीच असायचो, हे लिहिताना सोयीस्कर विसरलो. 

बांधावरून
नाही हो, लागलं नाही. उंट मलाही पटत नाही. आठवड्यातल्या मधल्या वारी आलं तर गोष्ट वेगळी असते एवढंच.

साखरभात
२०२३ ला आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं तेव्हापासून आमच्या ऑफिसजवळच्या कॅफेत भाकरी "मिलेट फ्लॅटब्रेड" झाली आहे. तिच्यावर चीज घालून चार तुकडे करून देतात. थंडीत सोबत गरम सूप. मी खाल्लं. लाज वाटते सांगायला, पण आवडलं.

आजोळ
साखरेचं विचारलंत तेव्हाच ओळखलं होतं.

वऱ्हाडी_ठेचा
विदर्भातून कोणी नाही म्हणून लिहून ठेवतो. रोडगे. कणकेचे पदर लावलेले गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप. सोबत वांग्याची भाजी आणि वरण. आमच्याकडे रोडगे भाजणं पुरुषांचं काम, बायका बसून वाढून घेतात. तवा_तापला ताई, येऊन जा एकदा.

तवा_तापला
तिकीट काढते. वरण कोण करतं, तेवढं फक्त सांगा.

वऱ्हाडी_ठेचा
... पुढच्या वेळेपासून तेही आम्हीच.

मधलं_बोट
पावशेर, मग शेवटी ठरलं काय? धागा काढून गायब झालात.

पावशेर_शेव
तीन आठवड्यांनी परत आलोय. झालं एकदाचं. वृत्तांत देतो, लांब आहे.

तवा_तापला यांची पोस्ट मी ग्रूपवर जशीच्या तशी टाकली. मैत्रिणीचं उत्तर आलं, "येते. पण भाकरी होणार असेल तर परत जाईन." म्हणून भाकरी रद्द. आजोळ यांच्या हिशेबानं पाऊण किलो हुलग्याचं पीठ. सकाळी दोन गिरण्यांनी नकार दिला, तिसऱ्यानं बोलणी खाऊन दळून दिलं.

सगळे सात वाजता येणार होते. साडेआठला पाच जण जमले. मी आणि बायकोनं पीठ मळून ठेवलं होतं, बाकी काही केलं नव्हतं. हॉलमध्ये जमिनीवर वर्तमानपत्रं अंथरली, चार पाट, मध्ये तेलाची वाटी. ज्यांना कधी पोळी उलटता आली नाही त्यांनी वळायला घेतलं. एकानं गांडूळ केलं, एकानं गॅसची नळी. चाकणवाला यंत्राच्या कारखान्यात गुणवत्ता तपासणीला आहे, तो प्रत्येक शेंगोळा हातात घेऊन "हा रिजेक्ट" म्हणायला लागला. जिनं येणार नाही म्हटलं होतं ती मैत्रीण भिंतीला टेकून, पाय पसरून बसली. जाहीर केलं की मी फक्त वळणार, स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडणार नाही. ओलांडला नाही. सगळ्यांत बारीक आणि एकसारखे तिचेच होते, पण हे तिला कुणी सांगितलं नाही.

पहिला घाणा नाशिककरानं बिघडवला. आजोळ यांची सूचना मी मोठ्यानं वाचून दाखवली होती. तरी शेंगोळे सोडून दोन मिनिटं नाही झाली तोच त्यानं "खाली लागेल" म्हणून डाव फिरवला. जे सांगितलं होतं तेच झालं. पातेल्यात एक तपकिरी उशी तरंगत होती. ती तशीच ताटलीत काढून बाजूला ठेवली.

दुसऱ्या घाण्याला मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि कुणाला आत सोडलं नाही. वीस मिनिटं. तेवढ्यात अलिबागकर आले, पोतंभर वालाच्या शेंगा घेऊन. मडकं नाही, पाला नाही, नुसत्या शेंगा. "पोपटीचं सामान अर्धं विसरलो" म्हणाले. त्या कुकरमध्ये ओवा-मीठ घालून उकडल्या. रानजाई, क्षमा करा.

दहा वाजता पहिली वाटी हातात आली. सगळे खाली, भिंतीला टेकून, वाट्या मांडीवर. रस्सा पळीनं ओतला की लसणाचा वास यायचा आणि चष्मेवाल्यांचे चष्मे धुरकट व्हायचे. कुणी फारसं बोलत नव्हतं. शेवटचा मित्र साडेदहाला आला, त्याला सगळे "रिजेक्ट" वाढले.

आणि ज्यानं सत्यनारायण म्हटलं होतं त्याचं ऐकून अकराला गच्चीवर गेलो. दहा मिनिटांत काकडून खाली. मग दोन गाड्या काढून चौकातल्या टपरीवर चहा. म्हणजे बाहेरही गेलोच. बिल एकानं दिलं. त्याला रेंज होती.

आजोळ
डाव घालू नका म्हणून ठळक अक्षरांत लिहिलं होतं. ठळक!

तवा_तापला
बायको कुठे बसली होती?

पावशेर_शेव
मैत्रिणीच्या शेजारी. विनोदांचे शेवट तिनंच केले, आणि त्यातले तीन माझ्यावर होते. भांडी मात्र दुसऱ्या दिवशीपर्यंत सिंकमध्ये पडून होती, ती मी घासली. हुलग्याचा रस्सा रात्रभर वाळला की पातेल्याला सिमेंटसारखा बसतो, हे पाककृतीत लिहायला हवं होतं.

आजोळ
रात्रीच पाणी घालून ठेवायचं असतं. हेही आता ठळक लिहायचं का?

दहावा_मजला
त्या उशीचं काय झालं?

पावशेर_शेव
सकाळी सुरीनं वड्या पाडून तव्यावर तेल सोडून खरपूस भाजल्या. खरं सांगू का, शेंगोळ्यांपेक्षा बऱ्या लागल्या. नाशिककर आता ग्रूपवर म्हणतोय की ते त्यानं मुद्दाम केलं होतं.

बांधावरून
उशिराच्या पेऱ्याचा एक पट्टा अजून कोवळा आहे. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत पुरेल. मंगळवार-बुधवार बघून या. गर्दी नसते, आई आगटीपाशी असते.

पावशेर_शेव
आठ जण येऊ. बसायला पोती आहेत ना?

बांधावरून
आहेत. कणसं तेवढी तुमची तुम्ही चोळायची.